काका, तुमची इंजिनं

काका,

शेडमध्ये पाणी शिरलं, हे आधी सांगून टाकतो. उन्हाळा संपताना दक्षिणेकडच्या वादळाचा उरलासुरला पाऊस इकडे येतो, तसा यंदाही आला. रॅरिटन नदी रस्ता ओलांडून एका बंद पडलेल्या रोपांच्या नर्सरीच्या मागच्या शेडपर्यंत आली. तुमची इंजिनं तिथेच होती. काकूंनी माझ्या स्वाधीन केलेली, आणि नंतर मी त्यांत भर घातलेली, सगळी. मी पोचलो तेव्हा पाणी उतरलं होतं. भिंतीवर माझ्या कमरेच्या वर चिखलाची रेघ होती. लाकडी पॅलेट पाण्याने उचलले जाऊन तिरके झाले होते आणि इतकी वर्षं ओळीने बसलेली इंजिनं त्यांवरून घसरून कुशीवर पडली होती. मी दारातच उभा राहिलो. आत जावंसं वाटेना. नदीच्या चिखलाला एक वास असतो, तो आणि जुन्या ऑइलचा वास मिसळून शेडभर कोंडला होता.

तुम्हाला जाऊन वीस वर्षांच्या वर झाली. एवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितोय, कारण त्या पुरानंतरच्या आठवड्यात जे झालं ते मला एकट्याला पेलत नाहीये. बायकोला सांगितलं, तिने शांतपणे ऐकून घेतलं, पण तिने तुम्हाला पाहिलेलं नाही. तिच्या लेखी तुम्ही म्हणजे ते लोखंड. त्या शेडला ती माझी गोशाळा म्हणते. शनिवारी सकाळी मी निघालो की सांगते, "भाकड गाईंना चारा घालून येताना दूध घेऊन ये." मी हसतो. या वेळी माझे बूट आणि जुने टॉवेल तिने स्वतःच गाडीत आणून ठेवले.

मी तुमच्याकडे आलो तो खोली शोधत. देश सोडून पिस्कॅटवेला येऊन आठवडाच झाला होता, युनिव्हर्सिटीतल्या एका सीनियरने सांगितलं की एक मराठी काका गॅरेजच्या वरची खोली विद्यार्थ्यांना देतात, फक्त आवाज सहन करायची तयारी पाहिजे. तुम्ही दार उघडलंत तेव्हा दोन्ही हात कोपरापर्यंत काळे होते, म्हणून शेकहँडला कोपर पुढे केलंत. मी सांगलीचा म्हटल्यावर तुम्ही खूश झालात. "मग शेजारीच की आमचा! मी कोल्हापूरचा. चहा घे आणि खाली ये, तुला एक दाखवतो." सामान अजून टॅक्सीवाल्याने उतरवलंही नव्हतं. काकू आतून ओरडल्या, "अहो, त्याला आधी बसू तरी द्या!" पण मी खाली आलोच. मेकॅनिकलची पदवी घेऊन आलेला मी, आणि खरं सांगतो, एवढं मोठं पेट्रोल इंजिन गाडीच्या बाहेर, असं उघडंबोडकं, पहिल्यांदाच पाहत होतो. गॅरेजात गाडीला जागाच नव्हती. भिंतीलगत, खिडकीखाली, कपड्यांच्या ड्रायरच्या शेजारी, सगळीकडे इंजिनं. आठ सिलिंडरांची व्ही-एट, सरळ सहा सिलिंडरवाली, एक तर कुठल्याशा अग्निशामक ट्रकमधून काढलेलं धूड. ट्रकचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात तुम्ही तपासनीस होता. आठवडाभर दुसऱ्यांचे पार्ट मोजायचे आणि शनिवारी भंगारच्या यार्डात जाऊन कुणालाच नको असलेली इंजिनं उचलून आणायची, असा तुमचा क्रम. "कशासाठी काका?" मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "हॉट रॉड. जुनी गाडी घ्यायची, सत्तर वर्षांची म्हातारी. नको तो पत्रा काढून टाकायचा, आत दणकट इंजिन बसवायचं, आणि मग रस्त्यानं अशी गुरगुरत न्यायची की पोरंटोरं सायकली टाकून बघत राहतील." मी विचारलं, किती बनवल्या? तुम्ही फडक्याला हात पुसत म्हणालात, "अजून नाही. आधी माल तर जमू दे."

त्या गॅरेजातला तो पहिला हिवाळा मला अजून दिसतो. मी जॅकेट घालून लाकडी ठोकळ्यावर बसलोय. हीटर फक्त पायांना ऊब देतोय. तुम्ही एका इंजिनाचे स्पार्क प्लग काढता, प्रत्येक भोकात थोडं ऑइल सोडता आणि मोठा पाना माझ्या हातात देता. "फिरव. हळू. जबरदस्ती करायची नाही, नुसतं अर्धं वळण. पिस्टन एकाच जागी बसून राहिला की तिथंच गंजून धरतो." मी फिरवतो. आतून गिळल्यासारखा आवाज येतो. "आता पुन्हा प्लग लाव. उघडं भोक ठेवलंस तर उंदीर आत घर करतील." मग तुम्ही मला सांगता की इंजिन कधी उघड्या जमिनीवर ठेवू नये, खाली लाकूड पाहिजे; प्लास्टिकने घट्ट गुंडाळू नये, आत घाम सुटतो; आणि थंडीच्या आधी पाण्याचा थेंबन् थेंब बाहेर काढायचा, नाहीतर त्याचा बर्फ होतो आणि लोखंड फाडतो. हे सगळं तुम्ही इतक्या मायेने सांगायचात की मला वाटायचं, हा माणूस बाळंतिणीची काळजी सांगतोय. नोकरी लागली तेव्हा तुम्ही मला इंचाच्या मापाचे पाने दिलेत, निळ्या पत्र्याच्या पेटीत. "मिलीमीटर विसर आता. इथं राहायचं तर इंचात विचार कर."

सगळ्यांत लाडकं फ्लॅटहेड. वर चपटं झाकण आणि बाकी सगळा कारभार खालच्या ओतीव ठोकळ्यातच, असलं ते जुनं व्ही-एट. गॅरेजाच्या मधोमध, स्टँडवर, त्याच्यावर काकूंची जुनी सुती साडी. तुम्ही कुणालाही आणून ते दाखवायचात. "आतून नवं आहे. कुणी फार चालवलेलंच नाही." आणि ते कुठल्या गाडीत जाणार तेही ठरलेलं होतं. मागच्या कुंपणाला लागून ताडपत्रीखाली एका दोन दारांच्या जुन्या कूपे गाडीचा सांगाडा होता. तो तुमच्या लेकीचा. ती दहा वर्षांची असताना तुम्ही तिला शब्द दिला होता की तू कॉलेजला जाशील ती या गाडीतून, आणि रंग तू सांगशील तो. तिने जांभळा सांगितला होता. मी आलो तेव्हा ती सोळाची असेल. मला दादा म्हणायची, बाकी सगळं इंग्रजीत. शाळेतून आली की कधीकधी ताडपत्रीचं टोक वर करून त्या सांगाड्यात जाऊन बसायची. सीट नव्हतीच, उलट्या क्रेटवर बसायची आणि अभ्यास करायची. मी खिडकीतून पाहायचो.

त्या रविवारी काकूंनी पुरणपोळी केली होती. स्वयंपाकघरातलं ते गोल टेबल, आम्ही चौघं. मी काही वाईट मनाने विचारलं नव्हतं. मी नुसतं म्हणालो, "काका, आता बर्फ वितळला. फ्लॅटहेड कधी बसवायचं कूपेत? मला पण सुट्टी आहे उन्हाळ्यात." तुमच्या लेकीने ताटावरून मान वर केली. इतक्या आशेने तिने तुमच्याकडे पाहिलं की मला वाटलं, बरं झालं आपण विचारलं. तुम्ही तूप वाढून घेत राहिलात. मग म्हणालात, "बघू." ती म्हणाली, "बाबा, यू ऑल्वेज से बघू." तिने पोळी तशीच टाकली आणि उठून गेली. जेवण झाल्यावर तुम्ही मला गॅरेजात बोलावलंत. ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही फ्लॅटहेडवरची साडी नीट करत, माझ्याकडे न बघता म्हणालात, "घरात हा विषय पुन्हा काढायचा नाही. तुला इथं राहायचं असेल तर." आणि थोड्या वेळाने, "आणि याला हात लावायचा नाही. सील केलेलं आहे. फिरव, ऑइल घाल, पण उघडायचं नाही." मी मान हलवली. मला अपमान वाटला, पण त्याहून जास्त नवल वाटलं. मी असं काय विचारलं होतं?

त्याच उन्हाळ्यात पेनसिल्व्हेनियाहून एक माणूस ट्रेलर घेऊन आला आणि कूपेचा सांगाडा घेऊन गेला. तुम्ही घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. मी लॅबमधून परत आलो तेव्हा तुमची लेक मागच्या अंगणात उभी होती. ताडपत्री घडी करून कुंपणावर टाकलेली. जिथे गाडी होती तिथलं गवत पिवळं पडलं होतं, बरोबर गाडीच्या आकाराचं. ती रडली नाही. "ही सोल्ड इट," एवढंच मला म्हणाली, बातमी सांगावी तसं. तुम्ही तिला काय सांगितलंत, सांगितलंत की नाही, मला माहीत नाही. दुसऱ्या वर्षी ती कॉलेजसाठी पार वॉशिंग्टन राज्यात गेली, देशाच्या दुसऱ्या टोकाला. नंतर तिकडेच राहिली. तुम्ही फोन केलात की काकूंना फोन द्यायला सांगायची.

तुम्ही गेलात तेव्हा मी जर्सी सिटीत राहत होतो. फेब्रुवारी होता. तुम्ही दारापुढचा बर्फ काढून आत आलात, खुर्चीत बसलात, काकूंना चहा टाक म्हणालात, आणि चहा होईपर्यंत संपलं होतं. लेक आली, सगळं केलं, आणि परत जाताना आईला बरोबर घेऊन गेली. घर विकायला काढलं. काकू त्या रिकाम्या होत चाललेल्या घरात माझा हात धरून म्हणाल्या, "ती भंगारात गेलेली मला बघवणार नाही रे. तू ने. तू त्यांच्या हाताखाली शिकलास." मी नेली. माझ्याकडे जागा नव्हती, बायको नव्हती, गॅरेज नव्हतं. नर्सरीच्या म्हाताऱ्या मालकाने मागची शेड दिली. मी स्वतःला सांगितलं, काही वर्षं. मग जम बसला, चांगली नोकरी लागली, एखादी जुनी गाडी घेऊ म्हणत गेलो. आणि काका, गाडी काही घेतली नाही, इंजिनं मात्र घेत गेलो. कुणी म्हातारा वारला की त्याची मुलं अंगणातली इंजिनं काढून टाकायची, मी जाऊन उचलायचो. सगळं तुम्ही शिकवलं तसं. खाली लाकूड, वर सुती कापड, दर थोड्या महिन्यांनी ऑइल आणि अर्धं वळण. फ्लॅटहेड उघडलं नाही. तुमच्यानंतरही नाही.

पुरानंतर मी बॉथेलला, लेकीच्या घरी, फोन केला तो काकूंना सांगायला. काकू आता फार थकल्या आहेत, एकच गोष्ट चारदा विचारतात. फोन लेकीने घेतला. ती तिकडे एका औषधांच्या लॅबमध्ये काम करते. आम्ही वर्षातून एकदा दिवाळीला बोलतो तेवढंच. मी म्हटलं, "शेडमध्ये पाणी आलं होतं. बाबांची इंजिनं बुडाली." तिने मागचं दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग विचारलं, "किती वेळ आहे? गंज धरायला?" मी म्हटलं, सिलिंडरात पाणी गेलं असेल तर फार नाही, काही दिवस. "सगळी वाचतील?" मी म्हटलं, एका माणसाच्याने नाही होणार. ती म्हणाली, "ओके. मी येते." मी कशाला म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर ती कदाचित आली नसती.

तिच्या केसांत आता पांढरं आलंय, काका. नाक आणि कपाळ हुबेहूब तुमचं. शेडमध्ये शिरल्यावर तिने सगळीकडे पाहिलं आणि म्हणाली, "दादा, यू हॅव मोअर दॅन ही डिड." मला ओशाळल्यासारखं झालं. आम्ही साखळीच्या कप्पीने एकेक इंजिन उचलून सरळ केलं. तिने रबरी बूट चढवले, हातमोजे घातले आणि कामाला लागली. तेलाच्या टाकीचा नट सोडला की आधी चिखलाचं पाणी यायचं, मग दुधाच्या चहासारखं काहीतरी. रॉकेलने धुवायचं, हवा मारायची, ऑइल फवारायचं, फिरवायचं. काही फिरलीच नाहीत. ती आम्ही बाजूला काढत गेलो. कुठलं वाचवायचं आणि कुठलं सोडायचं, हे ठरवताना मला घाम फुटायचा, ती मात्र भराभर सांगायची, "हे नाही. पुढचं." माझ्या लक्षात आलं की ती एका इंजिनाकडे बघायचंच टाळत होती. शेवटी दुपारी, सँडविच खाऊन झाल्यावर, तिनेच ओला कपडा बाजूला केला आणि म्हणाली, "आता हे. आधीच करायला हवं होतं."

तुमचं फ्लॅटहेड तिच्या मनगटाच्या जोराने फिरलं. मला केवढा आनंद झाला. पण टाकीतून पाणी आलंच होतं, म्हणजे वरूनही गेलं असणार. "झाकण काढावं लागेल," मी म्हटलं, आणि म्हणताना माझा आवाज बदलला असावा, कारण तिने माझ्याकडे पाहिलं. मी बोल्ट सोडले. झाकणाखालच्या गॅस्केटला तुम्ही लावायचात ती राखाडी पेस्ट होती, कडेने बोटाने सारखी केलेली. म्हणजे हे झाकण तुम्ही स्वतः काढून पुन्हा बसवलेलं होतं. मी ते उचललं. पिस्टन चांगले होते. व्हॉल्व्ह चांगले होते. मग तिने फडक्याने मधल्या दोन सिलिंडरांच्या मधली जागा पुसली आणि विचारलं, "हे काय आहे?"

तडा होता, काका. व्हॉल्व्हच्या बैठकीपासून निघून सिलिंडरच्या भिंतीत उतरलेला, केसाएवढा, पण लांब. पुरामुळे पडलेला नव्हे. आतून काळा, जुना. कुणीतरी कधीतरी पाणी काढायला विसरलं असेल आणि बर्फाने लोखंड फाडलं असेल, तुमच्या हातात येण्याच्या आधीच. आणि तड्याच्या दोन्ही टोकांना पंचाने, त्या टोकदार पोलादी खिळ्याने, मारलेला एकेक ठिपका. तडा पुढे सरकू नये म्हणून त्याच्या टोकाला बारीक भोक पाडतात, आणि भोक पाडण्याआधी पंचाने जागा धरतात, हे तुम्हीच मला दाखवलं होतं. तुमच्या पंचाचं टोक एका बाजूने तुटलेलं होतं, त्याचा ठिपका गोल न पडता चंद्रकोरीसारखा पडायचा. हे दोन्ही ठिपके तसेच होते. भोकं पाडलेली नव्हती. तुम्ही तडा पाहिलात, जागा धरलीत, आणि मग ड्रिल बाजूला ठेवून झाकण बंद केलंत.

मी तिला सगळं समजावून सांगितलं. तिला अर्धवट सांगून चाललं नसतं, ती दिवसभर सूक्ष्मदर्शकातून बघणारी बाई आहे. ती ऐकत राहिली. "म्हणजे बाबांना माहीत होतं." मी म्हटलं, "हो." "हे दुरुस्त होतं का?" मी म्हटलं, होतं, असे तडे बारीक पिना ठोकून शिवणारे कारागीर असतात, तेव्हाही होते. तिने हातमोजे काढले. मला वाटलं आता ती रडेल आणि मग तिला हलकं वाटेल. कुठेतरी मला वाटत होतं की हे सापडल्याने तुमच्यावरचा तिचा राग जाईल: बाबा विसरले नव्हते, बाबांचा नाइलाज झाला होता. तसं काही झालं नाही. ती शेडभर हात फिरवून म्हणाली, "दादा, बाकीची होती ना! इथेच तर होती सगळी. कुठलंही टाकायचं. मला काय कळत होतं फ्लॅटहेड म्हणजे काय? लॉन कापायच्या मशीनचं टाकलं असतं तरी मी बसले असते!" आणि मग इंग्रजीत, अगदी हळू, की त्यांनी मला नुसतं येऊन सांगायचं, बेटा, हे तुटलंय. तेवढं एक वाक्य. मी पंचवीस वर्षं हेच धरून चालले की मी त्यांना तेवढी महत्त्वाची नव्हते. मी तुमची बाजू घ्यायला तोंड उघडलं आणि मिटलं.

तेव्हापासून मी तेच उलटसुलट करतोय. तुम्हाला लाज वाटली असेल, असं आधी म्हटलं. सगळ्या गावाला 'आतून नवं' म्हणून दाखवलेलं इंजिन, तपासनीस माणूस, आणि स्वतःच फसलेला. तेही असेल. पण मला दुसरंच वाटतं, आणि ते लिहायला हात धजत नाही. मला वाटतं, तडा दिसला तेव्हा तुम्हाला थोडं सुटल्यासारखं झालं असावं. गाडी बनवायला घेतली असती तर ती बिघडली असती, वाकडी झाली असती, लेकीला आवडली नसती. साडीखाली झाकलेल्या इंजिनाचं काहीच बिघडत नाही. तुम्हाला मी असा कसा दोष देतो? देतो, कारण शेडमध्ये त्या दिवशी मला माझीच इंजिनं दिसत होती. माझ्याकडे तर तडाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती आली ती ठरवूनच. "एक चालू कर. कुठलंही. मला ऐकायचंय." शेडच्या उंच टोकाला पाणी कमी आलं होतं; तिथलं सहा सिलिंडरवालं, एका जुन्या पिकअपमधून काढलेलं, मी कधीकाळी घेतलेलं, कोरडं राहिलं होतं. अगदी सामान्य इंजिन. आम्ही ते लोखंडी चौकटीवर बांधलं, पुढे रेडिएटर, त्यावर उष्णता दाखवणारा काटा, बाजूला पेट्रोलचा डबा, जमिनीवर बॅटरी. त्यात शनिवार गेला आणि रविवारची सकाळ गेली. कार्बोरेटर तिने स्वतः धुतला. शेडच्या बाहेर उन्हात ते ओढून आणलं. तिने काकूंना व्हिडिओवर घेतलं आणि फोन कुंडीला टेकवून ठेवला. मी तारा जोडल्या. दोनदा नुसतं खोकलं, काळा धूर काढला, आणि तिसऱ्यांदा लागलं. काका, ते चालू झालं. उघड्या पाइपातून असा आवाज की झाडावरची पाखरं उडाली. काकूंनी कानावर हात ठेवले, मग काढले आणि ओरडून विचारलं, "जेवलात का रे दोघं?" आम्ही दोघंही हसलो.

वाचलेली इंजिनं मी एकेक करून देऊन टाकतोय. मुलांना मोटरकाम शिकवणारी एक शाळा आहे, ती काही घेऊन गेली. न वाचलेली भंगारात गेली. काकूंना सांगितलेलं नाही. शेड सोडली. फ्लॅटहेड माझ्या गॅरेजात आहे, झाकण काढलेलं. शिवायला द्यायचं की सोडून द्यायचं, हे मला ठरवता येत नाही. तुमच्या लेकीला विचारलं तर म्हणाली, "तुझं आहे ते, दादा." माझं कसं ते?

हे एवढं लिहून झाल्यावर वाटलं, तुम्हाला पाठवता येत नाही तर निदान बॉथेलला पाठवावं. ती वाचेल हळूहळू, अडलं तर काकूंना विचारेल. पण नाही पाठवणार, कारण एक गोष्ट तिने वाचू नये. इंजिन चालू होतं तेव्हा ती शेजारी उलट्या बादलीवर बसली होती, त्याच्या झाकणावर तळवा ठेवून. डोळे मिटलेले. खूप वेळ. मी तिचा चेहरा पाहत होतो, कूपेत क्रेटवर बसायची तेव्हाचाच, आणि मला तो बघवेना. मी हात पुढे करून तार ओढली आणि इंजिन बंद केलं. ती दचकून म्हणाली, "का? राहू दे ना अजून थोडं." मी म्हटलं, गरम होतंय, पाणी कमी आहे, धोका नको. ती लगेच मान हलवून उठली, विश्वास ठेवून.

गरम होत नव्हतं, काका. काटा जागचा हललासुद्धा नव्हता.